पंचांगातली ओहोटी आणि कुलाब्याचा किल्ला

समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसास समुद्राविषयी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. एक, तो अफाट असतो. आणि दुसरी, तो खारट असतो. दिवसातून दोनदा तो आपल्या दारापर्यंत येतो आणि दोनदा परत फिरतो, ही तिसरी गोष्ट आपण शाळेत शिकलेलो असतो. पण ती अंगी मुरलेली नसते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांतून नदी आहे, तलाव आहेत, विहिरी आहेत. या साऱ्यांचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. सकाळी न्याहारीच्या वेळी जेथून चालत गेलो तेथे जेवणवेळेस पुरुषभर पाणी असेल, हे आपल्या मनाला सहसा शिवत नाही. यंदाच्या सुट्टीत जलदुर्ग पाहावयास निघणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही आज हाच विषय घेतला आहे, तो याच कारणाने.

आपली मुले ज्या शाळांतून शिकतात तेथील क्रमिक पुस्तकांत शिवकालाला एखाद-दुसरा धडा मिळतो. त्यात गड येतात, घोडदळ येते, आग्र्याहून सुटका येते. मराठ्यांच्या आरमारासाठी त्या धड्यात जागा उरत नाही. त्यामुळे हा भाग मुलांना दाखवावयाचा तर आईबापांनीच दाखवावा लागतो, आणि दाखवण्याजोगे स्थळ म्हणून अलिबागच्या समोरचा कुलाबा किल्ला आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. बहुतेक जलदुर्गांना होडीवाचून गती नसते. कुलाब्याला ओहोटीच्या वेळी समुद्राच्या तळावरून पायी जाता येते. मुलाला यापरते नवल कोणते? परंतु जे नवल आहे तेच भयही आहे. ज्या वाटेने आपण चालत जातो ती वाट काही घटकांपुरती उसनी मिळालेली असते. आणि समुद्र हा उसने परत घेण्यात कधी विलंब करीत नाही.

किल्ल्याची थोडी ओळख

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. मुंबईच्या दक्षिण टोकाचा कुलाबा निराळा आणि हा कुलाबा निराळा. रायगड जिल्ह्याला पूर्वी या किल्ल्यावरूनच कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ साली त्याचे नाव बदलले. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी अजूनही जुने नावच घेत असतील, तर त्यात वावगे काही नाही.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराज निवर्तले, आणि काम संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांचे हे मुख्य ठाणे बनले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन सत्तांनी हातमिळवणी करून कुलाब्यावर स्वारी केली, आणि दोघांनाही हात हलवीत परतावे लागले. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांना आंग्रे हे नाव परके नाही. या घराण्याची एक शाखा शिंद्यांच्या दरबारी सरदार म्हणून नांदली, हे तेथील जुन्या मंडळींना सांगावयास नको.

तटाची बांधणी मुलांना अवश्य दाखवावी. बाहेरच्या बाजूस भलेमोठे दगड एकावर एक रचले आहेत आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. वरवर पाहता हा हलगर्जीपणा वाटेल. खरे तर ती युक्ती आहे. लाट आदळली की पाणी त्या फटींत शिरते, तिचा जोर विभागतो आणि पाणी पुन्हा निथळून जाते. चुन्याने बंद केलेल्या भिंतीने तो सारा मार एकट्या पृष्ठभागावर सोसला असता. तीन शतकांहून अधिक काळ हा तट उभा आहे.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. तेथे गणेश पंचायतन आहे. आंग्र्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत, एक दर्गाही आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा दिसतात. त्या विलायतेत ओतलेल्या असून त्यांवर १८४९ साल कोरले आहे. म्हणजे या तोफांनी आंग्र्यांचे राज्य पाहिलेलेच नाही. ते इंग्रजांनी त्यापूर्वीच खालसा केले होते. कान्होजींची तोफ म्हणून कोणी मुलांना दाखवू लागल्यास हा आकडा वाचावयास सांगावा.

पाणी केव्हा येते, केव्हा जाते

आता मुख्य विषयाकडे वळू. चंद्राच्या आणि त्याहून कमी प्रमाणात सूर्याच्या ओढीने समुद्राचे पाणी चढते-उतरते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा पुरा करीपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. म्हणून चंद्राचा दिवस आपल्या घड्याळाच्या दिवसाहून सुमारे ५० मिनिटांनी मोठा होतो. त्या अवधीत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीच्या टोकापासून ओहोटीच्या टोकापर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटे लागतात. आज सकाळी नऊ वाजता ओहोटी असेल, तर उद्या ती दहाला दहा मिनिटे कमी असताना येईल. गेल्या खेपेला सकाळी दहाला गेलो होतो, या खेपेलाही दहालाच जाऊ, असे म्हणणाऱ्याची फसगत होते ती यामुळे.

अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेत येते. त्या वेळी पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली जाते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी एकमेकींना छेद देतात. तेव्हा चढही थोडा आणि उतारही थोडा. त्यास कोकणात भांग म्हणतात. मुंबईच्या बंदरात उधाणाचा सरासरी चढउतार सुमारे १२ फूट असतो, भांगेचा पाच फुटांच्या आत. अलिबाग मुंबईपासून जवळ असल्याने हेच मान तेथेही डोळ्यांपुढे ठेवावे.

हे मान सर्व किनाऱ्यावर सारखे नसते. गोव्याकडील वाचकांच्या ओळखीचा समुद्र उधाणालाही सुमारे दोनच मीटर हलतो. त्या सवयीने अलिबागला जाऊ नये. उलट बडोद्याच्या वाचकांना खंबायतच्या आखाताचा दरारा ठाऊक असेल. आखात आत अरुंद होत जाते आणि पाणी कोंडले जाऊन वर चढते. भावनगरच्या बाजूस हा चढउतार दहा मीटरांपर्यंत पोहोचतो. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोईचे स्तंभेश्वर महादेवाचे देवालय भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला दर्शन देते. तेथे जाऊन आलेल्या बडोदेकरांना आमचा आजचा अर्धा लेख वाचण्याचेही कारण नाही.

भिंतीवरच्या पंचांगाचा उपयोग

आता ही वेळ घरबसल्या कशी काढावी? यासाठी मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे, आणि त्यास लागणारे साधन आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता, दिवसाही आणि रात्रीही, भरतीचे टोक असते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटीचे टोक.

उदाहरणार्थ, चतुर्थी घेऊ. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमारास भरती. सकाळी सव्वानऊ आणि रात्री साडेनऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमी घेतली तर आठाची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या पुढे-मागे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून भरती दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी पहाटे आणि सायंकाळी. अमावास्येच्या चौकोनात पंचांगकर्ते ३० हा आकडा छापतात. या हिशेबासाठी तोही १५ धरावा. वद्य पक्षातील तिथीही एकपासूनच मोजावयाची.

येथे उत्तरेकडील वाचकांच्या मनात एक शंका येईल. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदी पंचांगांत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात शेजारच्या घरी महिन्याचे नाव एक पुढे असते. त्याने गोंधळून जाऊ नये. नाव बदलले तरी तिथी बदलत नाही, आणि समुद्राला महिन्याच्या नावाशी कर्तव्य नसते.

हा हिशेब स्थूल आहे, हे मात्र पक्के ध्यानात धरावे. तिथी कधी वीस तासांची, कधी सव्वीस-सत्तावीस तासांची असते. त्यामुळे उत्तरात अर्धा-पाऊण तास, क्वचित तासाचाही फरक पडतो. प्रवासाचा दिवस निवडण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे. पाण्यात पाऊल घालण्यासाठी नाही. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत मिळते. मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ सालापासून होत आली आहे. ही कोष्टके अशा दीर्घ नोंदींवर उभी असतात. मुंबईची वृत्तपत्रे वेळा छापतात, मोबाइलवरही त्या पाहता येतात. कोष्टकात वेळेबरोबर पाण्याची उंचीही दिलेली असते. ती अवश्य पाहावी, कारण एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. शेवटचा शब्द मात्र किनाऱ्यावरील कोळ्यांचा आणि घोडागाडीवाल्यांचा. आपल्या हाती कोष्टक असले आणि त्यांनी मान हलवली, तर आपण थांबावे.

दुपारच्या ओहोटीचा मोह

आता चोखंदळ गृहिणी म्हणेल, मग अष्टमीच उत्तम! मुलांची आंघोळ-न्याहारी उरकून निवांत निघावे आणि बाराला पोहोचावे. येथेच खरी मेख आहे. अष्टमीला ओहोटी दुपारी येते खरी, परंतु ती भांगेची ओहोटी. पाणी पुरते ओसरतच नाही. उधाणाच्या ओहोटीला पाणी जितके खाली जाते, त्याहून सरासरी साडेतीन फूट वरच ते थांबते. पौर्णिमेच्या पाठी जेथे आपण पाय न भिजवता गेलो असतो, तेथे अष्टमीला प्रौढ माणसाच्या कमरेएवढे आणि सहा वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडाशी पाणी असू शकते. त्या दिवशी पायी जाण्याचा विचारच सोडावा आणि होडीची वा घोडागाडीची चौकशी करावी.

पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप ओसरते. पण ते पहाटे आणि सायंकाळी. सायंकाळची ओहोटी कुटुंबासाठी सर्वथा वर्ज्य समजावी. जाताना उजेड, परतताना अंधार, आणि पाणी चढते! त्रयोदशी-चतुर्दशीची दुपारी चार-पाचची ओहोटीही याच सदरात मोडते. हिवाळ्यात सहा वाजता दिवस मावळतो हे विसरू नये.

उरल्या त्या तृतीया, चतुर्थी आणि पंचमी. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकून राहतो, त्यामुळे या तिथींना पाणी अजून बरेच खाली जाते. आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. ऊन कोवळे, दिवस पुढे मोकळा. म्हणजे दिवाळीत भाऊबीज आटोपली की पुढचे तीन दिवस कुलाब्याला अनुकूल. संकष्टी आणि विनायकी या दोन्ही चतुर्थ्याही याच तिथींत येतात, आणि गडावर सिद्धिविनायक आहे, हा योग आमच्या अनेक भगिनींना आवडेल. मात्र लहान मुले आणि वडीलधारे यांना कडक उपवास घडवून ओल्या वाळूतून चालवू नये.

तिकिटे काढण्यापूर्वी पंचांग पाहावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. आपली मंडळी दूरची. जाण्या-येण्याचे आरक्षण दोन-दोन महिने आधी झालेले. अलिबागला मिळतो एक दिवस, आणि नेमकी त्या दिवशी निघते अष्टमी. मग 'इतक्या लांबून आलो आहोत, पाणी फार नाही, चला' हे वाक्य कोणीतरी बोलतो. आमच्या मते जलदुर्गाच्या वाटेवरील सर्वांत घातक वाक्य हेच. आपण सहाशे मैलांवरून आलो आहोत, हे समुद्राला ठाऊक नसते.

पाणी कसे चढते

पाणी सहा तासांत चढते, पण ते सारख्या गतीने नाही. दर्यावर्दी लोक एकूण चढाचे बारा भाग कल्पितात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाचा चढ बारा फुटांचा धरला म्हणजे हिशेब तोंडपाठ होतो. ओहोटीच्या टोकानंतर एका तासाने पाणी फूटभर चढलेले असेल. दोन तासांनी तीन फूट. तीन तासांनी सहा फूट!

पहिला तास माणसाला भुलवतो, तो असा. तासभर किल्ल्यात फिरून तटावरून पाहावे तो वाळू जवळजवळ तशीच दिसते. 'अजून वेळ आहे' असे वाटते, फराळाचे डबे उघडतात, पोरे तोफांवर चढतात. आणखी तासाने तीच वाट कमरेएवढी होते. शिवाय समुद्राचा तळ अंगणासारखा सपाट नसतो. त्यात खोलगट पन्हळी असतात. पाणी आधी त्या भरते. म्हणून आपल्या पायांखाली कोरडी वाळू असतानाही आपल्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणी शिरलेले असू शकते.

यावरून जाण्यायेण्याचा क्रम ठरतो. ओहोटीच्या टोकाच्या दीड तास आधी, पाणी उतरत असताना, किनाऱ्यावर सज्ज असावे. अंतर दिसते त्याहून अधिक आहे. मुलांसह अर्धा-पाऊण तास सहज लागतो. ओहोटीच्या टोकानंतर पाव तासाच्या आत सर्वांत मागचा माणूस दरवाजाबाहेर पडलेला असावा. म्हणजे चतुर्थीला, कोष्टकात ओहोटी सव्वानऊची असेल तर, पावणेआठला निघावे, साडेआठच्या आत पोहोचावे, साडेनऊला परत फिरावे आणि सव्वादहाला किनाऱ्यावर चहा घ्यावा. गडावर सारा तासच मिळतो, ही तक्रार रास्त आहे. अधिक वेळ हवा असेल त्यांनी होडीने जावे. वेळ विकत घेता येतो, पाणी थांबवता येत नाही.

जाताना वाटेत पाणी प्रौढाच्या गुडघ्यापर्यंत लागले तर तेथूनच थांबून वाट पाहावी. टोकाच्या दीड तास आधी जितके पाणी असते तितकेच टोकानंतर दीड तासाने पुन्हा असते. भेद इतकाच की पहिले उतरणारे आणि दुसरे चढणारे.

पायांसाठी आणि हातांसाठी

वाटेवर वाळूबरोबर खडकही आहे. त्यावर शेवाळ असते आणि धारदार शिंपल्या चिकटलेल्या असतात. अनवाणी चालू नये. सपाता पाण्यात निसटतात. कॅनव्हासचे जुने बूट उत्तम. साडी नेसणाऱ्या भगिनींनी ती घोट्याच्या वर खोचून घ्यावी. भिजलेला काठ पायांत गुरफटतो. एक हात नेहमी मोकळा ठेवावा. पाण्याच्या बाटल्या बरोबर न्याव्यात. पुष्करणी पाहण्यासाठी आहे, पिण्याचे पाणी आपले आपण न्यावे. प्रत्येक लहान मुलामागे एक प्रौढ, असे जोड्या पाडूनच निघावे. आजोबा-आजींसाठी घोडागाडी बरी. त्यात कमीपणा नाही.

जून ते सप्टेंबर हा विषयच मनातून काढावा. पावसाळ्यात लाटांपुढे कोष्टकाचे काही चालत नाही आणि होड्याही बंद असतात. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम.

आणखी एक. भांगेचा समुद्र म्हणजे गरीब समुद्र, असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वद्य अष्टमी होती, उधाण नव्हते. तरुण, धडधाकट मुले होती ती. समुद्रात खेळावयास उतरणे आणि ओहोटीत वाट चालणे या भिन्न गोष्टी आहेत. एकीसाठी निघून दुसरी करू नये. गडाच्या वाटेवर निघालेल्या मुलांना 'थोडे डुंबून येतो' म्हणण्याची मुभा देऊ नये.

अडकलोच तर

एवढे करूनही उशीर झाला आणि वाटेवर पाणी दिसले, तर एकच गोष्ट करावी: गडातच थांबावे. हे वाक्य घरातील प्रत्येकाकडून पाठ करून घ्यावे. भरतीत गड बुडत नाही. तो त्यासाठीच बांधला आहे. धोका आहे तो मधल्या वाटेवर. पाण्यातून पळत सुटणारा माणूस बुडतो, गडावर थांबणारा फार तर उपाशी राहतो. तटावर दिसेलशा ठिकाणी उभे राहावे, ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि पाणी वाढल्यावर होडी मिळते का ते पाहावे. होडी न मिळाली तरी पुढची ओहोटी साधारण बारा तासांनी येते. गाडी चुकेल, आरक्षण वाया जाईल, मुंबईचे नातेवाईक रागावतील. हे सर्व भरून येण्यासारखे नुकसान आहे.

इतर जलदुर्ग

मुरूडचा जंजिरा, त्याच्यासमोरचा पद्मदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग, थळसमोरची खांदेरी आणि मालवणचा सिंधुदुर्ग यांना पायी वाट नाही. तेथे होडीच हवी. यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जमिनीवरून गाठता येणारा विजयदुर्ग यांचा समावेश युनेस्कोने २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत केला. त्या यादीत कुलाब्याचे नाव नाही. पण त्याने कुलाब्याची थोरवी कमी होत नाही. होडीच्या गडांनाही भरती-ओहोटीचे भान लागतेच. होडी धक्क्याला लागण्याजोगे पाणी केव्हा असते, परतीची शेवटची फेरी कोणती, हे चढण्यापूर्वी विचारावे. होडीत अंगरखा मिळत असेल तर तो मुलांना घालावा, आणि मिळत नसेल तर मागावा.

मुंबईहून येणाऱ्यांस गेटवेवरून मांडव्यापर्यंत लाँच आणि तेथून मोटार मिळते. पुणे-हैदराबादकडून येणाऱ्यांस पेणवरून रस्ता आहे. एक मुक्काम अलिबागला ठेवावा, म्हणजे सकाळची ओहोटी साधते आणि कान्होजींची समाधीही पाहून होते. साधला नाही योग, तर किनाऱ्यावर उभे राहून मुलांना भरतीतला किल्ला दाखवावा. चोहोंकडून पाण्याने वेढलेला तो तट पाहून, येथे गड का बांधला हे त्यांना न सांगता कळते. १७२१ साली दोन परकी सत्तांना जे उमगले, ते त्यांनाही उमगेल.

आपल्या घरी पंचांग आता बहुधा सणवार आणि उपवास पाहण्यापुरतेच उघडले जाते. तिथी म्हणजे काय, असे मुलांनी विचारले तर अनेकदा आपणच अडखळतो. यंदा सहलीचा बेत ठरवताना मुलांनाच पंचांगापुढे बसवावे. तिथी काढू द्यावी, पाऊणपट करू द्यावी, सहा तास मिळवू द्यावेत, मग कोष्टकाशी ताडून पाहू द्यावे. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहूनही चंद्राकडे पाहून पाण्याची वेळ सांगणारे मूल जेव्हा त्या वाटेवर उभे राहील, तेव्हा 'आता परत फिरा' असे मोठ्यांना सांगण्याचा अधिकार त्याला असावा, आणि मोठ्यांनी तो मुकाट्याने मानावा.